तूट

गादी आली तेव्हा खोक्यात होती,
गुंडाळलेली, हवा काढलेली,
माझ्या कमरेएवढी उंच.
शालननं कात्रीनं प्लास्टिक कापलं
आणि गादीनं एवढा मोठा श्वास घेतला
की आम्ही दोघं भिंतीला टेकलो.

बाराव्या दिवशी माझ्या बाजूला खड्डा पडला.
खड्डा म्हणजे अगदी खड्डा नाही,
बशी म्हणा.

वाशीचा दुकानदार म्हणाला, कंपनीला विचारा.
कंपनी म्हणाली, दुकानातून घेतलीत ना?
आणि परत द्यायची तर मूळ खोक्यात भरून द्या.
फोनवरच्या मुलीला माझी गैरसोय समजत होती.
तिनं ती चार वेळा समजून घेतली,
दर वेळी नवा तक्रार क्रमांक देऊन.
मी ते कॅलेंडरवर लिहीत गेलो
दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.

एकविसाव्या दिवशी तपासायला माणूस आला.
माणूस कसला, पोरगा. मोज्यातून अंगठा बाहेर.
त्यानं गादीवर आडवी दोरी ताणली,
पट्टी उभी धरली, फोटो काढला,
म्हणाला, काका, बावीस मिलिमीटर.
बदलून द्यायला पंचवीस लागतात.

मी तुर्भ्याला वजनकाट्यावर एकोणतीस वर्षं आहे.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
मधला फरक माझ्या अक्षरात.
कांद्यात वीस किलोची तूट निघाली
की माणसं दुपारपर्यंत भांडतात,
आणि मी म्हणतो, काटा खोटं बोलत नाही.
या पोराला काय म्हणणार?
पट्टीही खोटं बोलत नव्हती.
म्हटलं, बाळ, उरलेले तीन
मी झोपून झोपून भरून काढतो,
तू पुढच्या महिन्यात ये.
तो हसला नाही.
त्याला अजून उलव्याला जायचं होतं.

जुनी गादी आम्ही नवी आली त्याच संध्याकाळी
गेटवरच्या खिल्लारेला दिली होती.
सासऱ्यांनी वणीहून पाठवलेला कापूस,
दोनदा पिंजलेला,
निळ्या पट्ट्यांची खोळ,
कोपऱ्यात धाकटीनं सांडलेली शाई.
चार जणांनी खाली नेली, इतकी जड.

परवा रात्री तीनला पाठ धरून खाली गेलो.
खिल्लारे खुर्चीत जागा होता.
काका, बरं नाही का?
पाठ, म्हटलं.
तो उठला, मीटरच्या खोलीत गेला,
टॉवेलनं गादी झटकली.
पडा जरा. साडेपाचला टँकर येतो, तेव्हा उठवतो.

अंधारात हात जसा आपोआप बटणावर जातो
तशी माझी पाठ एकेका जागी गेली.
डोक्यावर सगळ्या कोपरखैरण्याचे मीटर फिरत होते
असं वाटलं, आणि मग काही वाटलं नाही.

टँकर येऊन गेला. त्यानं उठवलं नाही.
जाग आली ती साठ्यांच्या नातीच्या आवाजानं,
शाळेच्या बसची वाट पाहता पाहता ती आत डोकावली होती:
आजोबा इथे का झोपलेत?

गादी परत मागायचं अगदी जिभेवर आलं होतं.
तेवढ्यात खिल्लारे चहा घेऊन आला.
म्हणाला, काय गादी दिलीत काका!
दिवाळीला गावी नेणार, आईला.
टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलंय.
मी चहा प्यालो.

आता शालननं मनावर घेतलंय.
मी कामावर गेलो की ती त्या बशीत
गव्हाचं पोतं ठेवते, तीस किलोचं,
संध्याकाळी काढते, दोरी ताणते,
मुलीच्या जुन्या कंपासमधली पट्टी उभी धरते.
मी म्हणालो, शालन, अगं,
याला काटा मारणं म्हणतात.
इतकी वर्षं मी कधी...
ती म्हणाली, मग तुम्ही नका लिहू.

कॅलेंडरवर आज, खाड्यांच्या खाली,
तिच्या अक्षरात:
तेवीस.